चाकांवरच्या छोट्या घराचा आराखडा: आधी उंची, मग वजन, मग खोल्या

चाकांवरच्या घराचा नकाशा काढायला बसलं की हात आपसूक एक लांबट आयत काढतो. एका टोकाला न्हाणीघर, मध्ये ओटा, दुसऱ्या टोकाला बसायची जागा आणि वर झोपायचा माळा. अर्ध्या तासात कागद भरतो आणि घर झाल्यासारखं वाटतं. माझा पहिला नकाशा असाच होता. ट्रेलरची, म्हणजे घर ज्यावर उभं राहतं त्या गाडीमागे ओढायच्या चाकांच्या सांगाड्याची, मापं हाती आली तेव्हा कळलं, की शॉवरची जागा बरोबर चाकावर आली आहे. वरून काढलेल्या चित्रात चाक कुठे दिसतच नव्हतं. माळ्यावर उठून बसता येईल का, पाण्याची टाकी भरली की घर कोणत्या बाजूला झुकेल, यांचीही उत्तरं त्या चित्रात नव्हती. तेव्हापासून मी खोल्यांचा नकाशा सगळ्यात शेवटी काढतो. तो क्रम इथे सविस्तर देतो आहे.

पहिलं काम: आपला दिवस लिहून काढा

सलग सात दिवस एक वही जवळ ठेवा. कुठे बसलो, किती वेळ उभं राहिलो, हातात काय होतं, त्या वेळी घरातलं दुसरं माणूस काय करत होतं, हे लिहा. आठवड्याच्या शेवटी एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींवर खुणा करा. एकजण फोनवर बोलतोय आणि दुसरा भांडी घासतोय, एकजण झोपलाय आणि दुसऱ्याला दिवा लावून वाचायचंय, असे प्रसंग मोठ्या घरात जाणवत नाहीत. छोट्या घरात आराखडा यांच्यावरच ठरतो. दोघांच्या झोपायच्या वेळा वेगळ्या असतील तर माळ्याच्या कठड्याला पडदा पुरणार नाही, सरकती फळी लागेल. रोज सहा तास टेबलावर काम असेल तर जेवणाचं टेबल रोज उघडायचं आणि मिटायचं ही कल्पना चार दिवस टिकते.

त्याच वहीत वस्तूंची यादी करा, पण मापांसकट. सगळ्यात लांब वस्तू, सगळ्यात उंच वस्तू, सगळ्यात जड वस्तू. झाडू, शिडी, सायकल, इस्त्रीचा टेबल, ओला रेनकोट. कपडे कुठेही मावतात. या आडमुठ्या वस्तूंनाच जागा सापडत नाही.

घर किती वेळा हलणार, हेही आत्ताच स्वतःला खरं खरं विचारा. अमेरिकेत जे शेफर नावाच्या गृहस्थांनी १९९९ साली शंभर चौरस फुटांहूनही लहान घर बांधलं. ते चाकांवर ठेवण्याचं एक मोठं कारण असं, की पक्क्या घरासाठी असलेल्या किमान क्षेत्रफळाच्या नियमात एवढं लहान घर बसत नव्हतं. चाकांवरची बरीच घरं आजही वर्षानुवर्षं एकाच जागी उभी असतात. तुमचं घर वर्षातून एकदा हलणार असेल तर जिना रुंद करा, लाकूड जाड वापरा. महिन्याला हलणार असेल तर प्रत्येक किलो आणि प्रत्येक कडी मोजावी लागेल.

बाहेरची चौकट

रस्त्यावर विशेष परवान्याशिवाय किती रुंद आणि किती उंच वाहन नेता येतं, यावर घराची बाहेरची मापं ठरतात. अमेरिकेत रुंदीची मर्यादा ८ फूट ६ इंच आहे आणि बहुतेक राज्यांत उंचीची १३ फूट ६ इंच. युरोपात सर्वसाधारणपणे रुंदी २.५५ मीटर आणि उंची ४ मीटर धरतात. ज्या रस्त्यांवरून घर जाणार तिथली मर्यादा लेखी मिळवा. हे माप भिंतीपासून भिंतीपर्यंतचं नसतं. छपराची कड, पन्हळ, वायुवीजनाचा पाइप, बाहेरचा दिवा, सगळं त्यातच मोजलं जातं.

आता आत किती उरतं ते पाहू. ८ फूट ६ इंच म्हणजे १०२ इंच. दोन्ही बाजूंची छपराची कड आणि पन्हळ मिळून ३ इंच सोडा, ९९ राहिले. भिंतीची जाडी, म्हणजे सांगाडा, आतली-बाहेरची फळी आणि मधलं उष्णतारोधक, साधारण साडेपाच इंच. दोन भिंतींचे ११ गेले, उरले ८८ इंच, म्हणजे ७ फूट ४ इंच. ओट्याची रुंदी २४ इंच आणि चालायची वाट ३६ इंच धरली तर समोरच्या भिंतीला २८ इंच मिळतात. एवढ्यात अरुंद टेबल, बाक किंवा जिना यांपैकी एकच गोष्ट बसते. २४ फुटी ट्रेलर घेतलात तर आतली लांबी सुमारे २३ फूट मिळते.

उभा छेद

माझ्या मते सगळ्या आराखड्यात हा एकच कागद असा आहे जो चुकला तर घर पाडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. घर केकसारखं मधोमध कापल्यावर जसं दिसेल तसं चित्र काढा, रस्त्यापासून छपराच्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक थराची जाडी लिहा.

समजा मर्यादा १३ फूट ६ इंच आहे. टायरमधली हवा आणि रस्त्याचे उंचवटे यांसाठी २ इंच सोडले, तर १३ फूट ४ इंच, म्हणजे १६० इंच हाती आले. ट्रेलरचा पाटा, म्हणजे घर ज्यावर बसतं तो सपाट भाग, जमिनीपासून साधारण २४ इंचांवर. त्यावर तळाची जमीन ३ इंच, वर छपराची जाडी ८ इंच. उरले १२५. माळ्याखाली ओटा असेल तर तिथे उभं राहायला ६ फूट ४ इंच, म्हणजे ७६ इंच. माळ्याची जमीन ५ इंच. आता ४४ इंच राहिले. गादी ६ इंचांची. गादीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर आढ्यापर्यंत मोजून ३८ इंच.

हे पुरेल का? भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर ताठ बसा, डोक्यावर एक पुस्तक आडवं ठेवा आणि त्याच्या खालच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलने खूण करा. बहुतेक मोठ्या माणसांची खूण ३३ ते ३७ इंचांच्या दरम्यान येते. म्हणजे ३८ इंचांत बसता येतं, पण फक्त आढ्याच्या बरोबर खाली. दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर असेल तर दीड फूट बाजूला सरकताच डोकं लागतं. म्हणून दोघांसाठी माळा असेल तर मी एकाच बाजूला हलका उतार असलेलं छप्पर सुचवतो. उशांची बाजू उंच भिंतीकडे आणि पाय उताराकडे ठेवायचे. गादी पातळ घेतली, छपराची जाडी आणखी दोन इंच उतरवली, असे हिशेब याच कागदावर करून पाहा. इथे प्रत्येक इंच कुठून तरी काढूनच द्यावा लागतो.

अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत २०१८ साली ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी एक परिशिष्ट आलं. ते पायावरच्या घरांसाठी असलं तरी त्यातली मापं ताडून पाहायला फार उपयोगी आहेत. राहायच्या जागेची उंची किमान ६ फूट ८ इंच, ओटा आणि न्हाणीघरात ६ फूट ४ इंच, माळा किमान ३५ चौरस फूट आणि कोणत्याही दिशेने ५ फुटांहून अरुंद नाही.

माळा नकोच असेल तर तसंही चालतं. गुडघे दुखत असतील, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर एका टोकाला तीन फूट उंच चौथरा करून त्यावर बिछाना आणि खाली मोठे खण, ही रचना मला जास्त शहाणपणाची वाटते. लांबी साडेपाच-सहा फूट खर्ची पडते, पण छप्पर खाली येतं, वजन कमी होतं आणि वारा लागल्यावर घर कमी डोलतं.

चाकं आत कुठे येतात

घर ट्रेलरच्या पूर्ण रुंदीचं असेल तर चाकांवरच्या पेट्या जमिनीतून वर येतात. दोन ॲक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या आसांच्या) ट्रेलरला ही पेटी साधारण सहा फूट लांब आणि नऊ-दहा इंच उंच असते, मात्र ट्रेलरगणिक माप बदलतं. म्हणून खोल्या आखण्याआधी ट्रेलर बनवणाऱ्याकडून त्याचं मापांसकट चित्र घ्या आणि पेट्या कागदावर काळ्या रंगाने भरा. त्या काळ्या भागावर बाक, ओट्याची खालची कपाटं किंवा जिन्याच्या पायऱ्या छान बसतात. दार, शॉवर आणि जमिनीवर ठेवायचं कपडे धुण्याचं यंत्र तिथून लांब ठेवा.

पाण्याची एकच भिंत

ओट्याचं सिंक आणि न्हाणीघर एकाच आडव्या भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून ठेवा. पाइप कमी लागतात, गरम पाणी लवकर पोहोचतं आणि गळती झाली तर कुठे शोधायची ते माहीत असतं. सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. सिंक आणि मोरी वीस फूट लांब असतील तर एकट्या उतारालाच ५ इंच हवेत, आणि पाट्याखाली तेवढी मोकळी उंची मिळत नाही. पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीत घालू नका. थंडीत ते आधी गोठतात आणि प्रवासातल्या हादऱ्यांनी सांधे सैल झाले तर ओल आतल्या आत मुरते.

न्हाणीघर आडवं, पूर्ण रुंदीचं घेतलं तर ८८ इंचांत ३४ इंचांचा शॉवर, ३० इंचांची शौचालयाची जागा आणि २४ इंचांचं कपाट किंवा बेसिन बसतं. शौचालयाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना १५ इंच आणि पुढे किमान २१ इंच मोकळे ठेवा. त्याहून कमी जागेत माणूस रोज अवघडून बसतो. शॉवर ३० इंचांपेक्षा लहान कधीच नको, खाली वाकून पाय धुता आले पाहिजेत. दार सरकतं ठेवा, पण ते ज्या भिंतीत सरकणार तिच्यात बटणं आणि पाइप येणार नाहीत हे आधी पाहा.

ओटा आणि वाट

ओट्याची उंची तुमच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली घ्या. तयार कपाटं ३६ इंचांची मिळतात म्हणून तेवढीच घ्यायला हवी असं नाही. सिंक आणि शेगडीच्या मध्ये किमान २४ इंच सलग मोकळी जागा सोडा. आराखड्यात मी यावर कधीच तडजोड करत नाही, कारण चिरलेलं, धुतलेलं आणि गरम भांडं तिन्ही तिथेच टेकतात. वाट ३० इंचांची असेल तर एकट्याला चालते. दोघांना एकमेकांमागून जायचं असेल तर ३६ हव्यात. फ्रिजचं आणि खालच्या खणांचं दार पूर्ण उघडल्यावर वाटेत किती येतं, ते तुटक रेषेने काढा.

शेगडी बिछाना आणि दार यांच्या मध्ये ठेवू नका. आग बहुतेक तिथेच लागते आणि बाहेर पडायचा रस्ताही तोच असतो. गॅसचं सिलिंडर फक्त बाहेरून उघडणाऱ्या पेटीत ठेवा आणि त्या पेटीच्या तळाला हवेची जाळी द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला की खाली साठतो. आत धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर हवा, आणि त्यांची जागा नकाशावर आत्ताच दाखवा.

जिना की शिडी

वरच्या हिशेबात माळ्याची जमीन ८१ इंचांवर आहे. ९ इंचांच्या ९ चढणी केल्या तर मध्ये ८ पायऱ्या येतात. प्रत्येक पायरी ८ इंच रुंद धरली तर जिना ५ फूट ४ इंच लांबी खातो. शिडीला जेमतेम दीड-दोन फूट लागतात. तरीही रोजच्या बिछान्यासाठी मी जिनाच घेईन. रात्री अर्धवट झोपेत, अंधारात, एक हात भिंतीवर ठेवून खाली उतरायचं असतं. ताप आलेला असतानाही उतरायचं असतं. जिन्याखालची जागा वाया जात नाही. खालच्या पायऱ्यांत चपलांचे खण, मध्ये कपडे, सगळ्यात उंच भागात फ्रिज किंवा लटकवायचे कपडे. शिडी अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांच्या माळ्याला पुरते. ती ७० ते ८० अंशांत कललेली हवी आणि गज किमान १२ इंच रुंद.

गादी वर कशी चढणार, हेही बघून ठेवा. स्प्रिंगची मोठी गादी वळत नाही.

दार, खिडक्या, हवा

दार लांब बाजूला ठेवलं तर आत शिरताच घर दोन्हीकडे पसरतं आणि वाट वाचते. टोकाला ठेवलं तर लांब भिंत अखंड मिळते. मला लांब बाजूचं आवडतं, पण ते चाकांच्या पुढे किंवा मागे यायला हवं. आत पाऊल टाकल्यावर चपला, छत्री आणि किल्ल्या यांना दोन चौरस फूट राखून ठेवा. ते नसले तर सगळा चिखल ओट्यापर्यंत येतो.

खिडक्या आडव्या समोरासमोर हव्यात, एक खाली आणि एक वर. गरम हवा वर चढून माळ्यात साठते. तिला वाट नसेल तर उन्हाळ्यात माळ्यावर झोप लागत नाही आणि हिवाळ्यात श्वासातली, स्वयंपाकातली वाफ थंड पत्र्याला लागून थेंब धरते. माळ्याच्या दोन्ही टोकांना उघडणारी खिडकी द्या आणि त्यातली एक माणूस बाहेर पडेल एवढी करा. अमेरिकेच्या संहितेत त्यासाठी किमान २० इंच रुंदी, २४ इंच उंची आणि एकूण ५.७ चौरस फूट मोकळी जागा मागितली आहे. काच जड असते. १ मिलिमीटर जाडीच्या १ चौरस मीटर काचेचं वजन अडीच किलो. म्हणजे ४ मिलिमीटरच्या दुहेरी काचेला चौरस मीटरमागे २० किलो. सगळ्या मोठ्या खिडक्या एकाच बाजूला घेतल्या तर ते तराजूत दिसतं.

वजनाचा कागद

चार रकाने आखा: वस्तू, किलो, हिचपासूनचं (ट्रेलर गाडीला अडकवतात त्या जोडापासूनचं) अंतर, डावी की उजवी बाजू. भिंती आणि छप्परही त्यात धरा. ट्रेलरवर लिहिलेल्या एकूण भारक्षमतेत ट्रेलरचं स्वतःचं वजनही येतं, हे विसरू नका.

उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा लागतो. तो कमी पडला तर मागचं घर वेगात डाव्या-उजव्या हेलकावे खातं आणि ओढणारी गाडीही सोबत नेतं. युरोपात ३.५ टनांपर्यंतच्या ट्रेलरना हिचवरचा भार बराच कमी ठेवावा लागतो आणि तो गाडीवर व हिचवर किलोंत दिलेला असतो. आपल्या गाडीचा आणि हिचचा आकडा पाहूनच पुढे जा.

समजा घर ४,५०० किलोंचं आहे, हिचपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत १५ फूट आहेत आणि हिचवर १२ टक्के, म्हणजे ५४० किलो हवेत. १५ चे १२ टक्के १.८ फूट. म्हणजे घराचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या पुढे पावणेदोन फुटांच्या आसपास यायला हवा. आता १५० लिटरची पाण्याची टाकी घ्या, भरली की १५० किलो. ती ॲक्सलमागे ५ फुटांवर ठेवली तर हिचवरचा भार ५० किलोंनी कमी होतो. तीच पुढे ५ फुटांवर नेली तर ५० ने वाढतो. एका टाकीमुळे १०० किलोंचा फरक. आणि ती भरली-रिकामी झाली की आकडा पुन्हा बदलतो. म्हणून टाकी शक्य तेवढी ॲक्सलच्या रेषेत, जमिनीलगत आणि मधोमध ठेवा. बॅटऱ्यांचंही तेच.

डाव्या-उजव्या बाजूंची बेरीज वेगळी करा. फ्रिज, ओटा आणि सिंक एका भिंतीला आले की समोर जिना, पुस्तकं, बॅटऱ्या घ्या. माळ्यावर जड सामान ठेवू नका, पुस्तकं तर नाहीच. बेरीज जुळली नाही तर ॲक्सल हलवता येत नाही, खोल्याच हलवाव्या लागतात. म्हणून हा कागद ट्रेलर घेण्याआधी करायचा.

प्रवासात घर सतत हादरतं. प्रत्येक खणाला कडी, उघड्या फळ्यांना दोन इंचांची पट्टी आणि प्रत्येक कपाटाचा स्क्रू भिंतीच्या सांगाड्यात गेलेला, हे नकाशावरच लिहून द्या.

जमिनीवर टेप

आता मोकळी जमीन शोधा. एखादं सभागृह किंवा गच्ची चालेल. कागदी टेपने घर खऱ्या मापात आखा, आतली भिंत आणि चाकांच्या पेट्यांसकट. ओट्याच्या जागी टेबल, फ्रिजच्या जागी खोकी, न्हाणीघराला उभी पुठ्ठ्याची भिंत. माळ्याची उंची दोरी बांधून दाखवा. मग दोघांनी मिळून एक सकाळ तिथे काढा. खरोखर वाकून भांडी काढा, शॉवरच्या चौकोनात हात वर करून डोकं धुतल्यासारखं करा, एकजण ओट्याशी असताना दुसऱ्याने दारापर्यंत जाऊन पाहा. जिथे टेप पायाने सुटते तिथे वाट अरुंद आहे. कोपर पुठ्ठ्याला लागलं तर तिथे तीन इंच हवेत.

सुधारलेली मापं लगेच टेपवर पेनाने लिहा, मग उभ्या छेदावर, मग वजनाच्या कागदावर. तिन्ही कागद एकमेकांशी जुळले की त्यांच्या प्रती ट्रेलर बनवणाऱ्याकडे पाठवा आणि चाकांच्या पेट्यांची व पाट्याच्या उंचीची मापं त्याच्याकडून सही करून परत मागवा. त्या सहीनंतरच ट्रेलरची ऑर्डर द्या.